बॉल जॉइंटचा बूट फाटलाय? फक्त रबर बदलून भागतं की अख्खा जॉइंट बदलावा लागतो?

पावसाळ्याच्या तोंडावर जुनी गाडी टायर बदलायला नेली की एक प्रसंग हमखास घडतो. गाडी जॅकवर जाते, चाक निघतं, मेकॅनिक मोबाईलचा टॉर्च आत मारतो आणि म्हणतो, "साहेब, बॉल जॉइंटचा बूट फाटलाय. लोअर आर्मच बदलून टाकू." खर्च ऐकून मालक दुसऱ्या गॅरेजमध्ये जातो. तिथे उत्तर मिळतं, "काही होत नाही, ग्रीस भरून देतो, चालवा बिनधास्त."

आता खरं कोण बोलतंय? गंमत अशी की, दोघंही बरोबर असू शकतात आणि दोघंही चूक. कारण बूट फाटलाय एवढ्यावर काहीच ठरत नाही. बूट फाटून किती दिवस झाले आणि तेवढ्या दिवसांत आत काय शिरलं, यावर सगळं ठरतं. वेळेत लक्षात आलं तर छोट्याशा रबरावर काम निभावतं. उशीर झाला तर तेच रबर बदलणं म्हणजे बिघाडावर झाकण घालणं.

त्यामुळे हा बूट काय करतो, तो बदलतात कसा आणि कधी बदलून उपयोग नसतो, हे गाडीमालकाला माहीत असलेलं बरं.

बॉल जॉइंट म्हणजे नेमकं काय?

आपल्या खांद्याचा सांधा आठवा. एका खोबणीत गोल टोक बसलेलं असतं, म्हणून हात वर-खाली होतो आणि फिरतोही. बॉल जॉइंट हेच काम चाकासाठी करतो. स्टीलच्या दांड्याच्या एका टोकाला गुळगुळीत गोळा असतो आणि तो एका वाटीत बसवलेला असतो. गोळा आणि वाटी यांच्यात बहुतेक वेळा प्लॅस्टिकचं अस्तर आणि ग्रीस असतं.

पुढच्या चाकाला एकाच वेळी दोन गोष्टी करायच्या असतात. खड्ड्यात गेलं की वर-खाली व्हायचं आणि स्टिअरिंग फिरवलं की वळायचं. बॉल जॉइंटमुळे या दोन्ही हालचाली एकाच सांध्यात होतात. पूर्वीच्या गाड्यांमध्ये वळण्यासाठी किंगपिन नावाची वेगळी खीळ असायची आणि तिला वारंवार ग्रीस द्यावं लागायचं. १९५०च्या दशकापासून मोटारगाड्यांमध्ये बॉल जॉइंट रुळत गेले आणि किंगपिन मागे पडली.

भारतात डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० असो किंवा नंतरच्या अल्टो, वॅगन आर, सँट्रो, या गाड्यांच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचं सस्पेन्शन आहे. यात गाडीचं वजन प्रामुख्याने वरचा स्ट्रट आणि त्यावरचा स्प्रिंग पेलतो. चाकाचं खालचं टोक जागेवर धरून ठेवायचं काम लोअर आर्मच्या टोकाला असलेला बॉल जॉइंट करतो. आणि तो प्रत्येक बाजूला एकच असतो. तो निसटला तर चाकाचं खालचं टोक धरून ठेवायला दुसरं काही नसतं. म्हणून हा छोटा भाग इतका महत्त्वाचा.

मग बूट कशासाठी?

बूट म्हणजे जॉइंटवर बसवलेली रबराची छोटी टोपी. काही गॅरेजमध्ये तिला डस्ट कव्हर म्हणतात. तिची कामं दोनच. आतलं ग्रीस आत ठेवायचं आणि बाहेरची धूळ, चिखल, पाणी बाहेर ठेवायचं.

आजकालचे बहुतेक बॉल जॉइंट कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेले असतात. त्यांना ग्रीस भरायचा निपल नसतो. म्हणजे सुरुवातीला जेवढं ग्रीस भरलं, त्यावरच जॉइंटचं आयुष्य. ते ग्रीस टिकवणारी एकमेव गोष्ट म्हणजे हा बूट.

बूट फाटतो का?

पहिलं कारण वय. इंजिनची उष्णता, हवेतला ओझोन आणि सततची हालचाल यांनी रबर कडक होतं, त्यावर बारीक भेगा पडतात आणि एक दिवस घडीवर चीर जाते. गाडी कमी चालली म्हणून बूट सुरक्षित, असं नाही. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचं रबरही म्हातारं होतं.

दुसरं कारण खड्डे आणि उडालेले दगड.

तिसरं कारण मात्र माणसाच्या हातचं असतं. ब्रेकचं किंवा ॲक्सलचं काम करताना जॉइंट सोडवायला हातोडा किंवा फाळासारखं दुटोकी हत्यार वापरलं जातं आणि त्यात चांगला बूट कापला जातो. निपल असलेल्या जॉइंटमध्ये ग्रीस गनने जोर लावून जास्त ग्रीस भरलं तरी बूट फुगून फुटतो.

फाटल्यावर आत काय होतं?

सुरुवातीला काहीच जाणवत नाही, आणि खरा धोका इथेच आहे. ग्रीस थोडंथोडं बाहेर येतं आणि त्याला धूळ चिकटते. पावसात रस्त्यावरचं पाणी आत जातं. धूळ आणि ग्रीस मिळून घासकामाच्या पेस्टसारखं मिश्रण तयार होतं. पाण्यामुळे गोळ्यावर गंज येतो. जो पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असायला हवा तो खरखरीत होतो आणि प्रत्येक वळणावर प्लॅस्टिकचं अस्तर खरवडत राहतो. अस्तर झिजलं की गोळा वाटीत हलायला लागतो. यालाच गॅरेजच्या भाषेत 'प्ले आला' म्हणतात.

गोळ्याचा पृष्ठभाग किती जपावा लागतो याचं एक मोठं उदाहरण आहे. २००५ मध्ये टोयोटाने अमेरिकेत टॅकोमा, टुंड्रा, फोररनर आणि सिकोया या मॉडेलच्या सुमारे पावणेआठ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. कारण होतं पुढच्या खालच्या बॉल जॉइंटच्या पृष्ठभागावर उत्पादनाच्या वेळी पडलेले ओरखडे. त्यामुळे जॉइंट लवकर झिजून सैल होण्याचा धोका होता. कारखान्यातल्या ओरखड्यांनी एवढं होत असेल, तर महिनोन् महिने वाळू खाल्लेल्या जॉइंटचं काय होत असेल, याचा अंदाज यावा.

शेवटच्या टप्प्यात गोळा वाटीतून निसटतो. चाक आडवं पडतं, गाडी त्या बाजूला टेकते, स्टिअरिंगचा उपयोग उरत नाही. ॲक्सल आणि ब्रेकचा पाइपही ओढला जाऊ शकतो. पार्किंगमध्ये झालं तर टोइंगचा खर्च. घाटात किंवा हायवेवर झालं तर काय, हे सांगायची गरज नाही.

आधी हे बघा: फाटलेला बूट नक्की कोणता?

पुढच्या चाकामागे एकापेक्षा जास्त रबरी बूट असतात आणि त्यांची गल्लत होते.

१. बॉल जॉइंटचा बूट: लोअर आर्मच्या बाहेरच्या टोकाला, चाकाच्या अगदी जवळ. आकाराने लहान, टोपीसारखा.

२. टाय रॉड एंडचा बूट: दिसायला जवळजवळ तसाच, पण स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला. हा जॉइंट सैल झाला की स्टिअरिंग भरकटतं, त्यामुळे तोही तितकाच गंभीर.

३. ॲक्सल बूट: इंजिनकडून चाकाकडे जाणाऱ्या ॲक्सलवरचा घड्यांचा मोठा बूट. हा फाटला की चाकाच्या आतल्या बाजूला सगळीकडे काळं ग्रीस उडालेलं दिसतं. दुर्लक्ष केलं तर पूर्ण वळणावर 'कट-कट-कट' आवाज येतो.

बिल देण्याआधी मेकॅनिकला बोट ठेवून दाखवायला सांगा. तिन्हींचं काम आणि खर्च वेगवेगळा आहे.

घरच्या घरी तपासता येतं का?

पहिली पायरी सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि इंजिन बंद करा. चाकामागे टॉर्च मारला की बूट दिसतो. भेगा आहेत, चीर आहे, बाहेर ग्रीस आलंय की आत लालसर गंज दिसतोय, ते बघा. दुसऱ्या बाजूलाही तेच करा. दोन्ही बूट एकाच वयाचे असतात, त्यामुळे एक फाटला असेल तर दुसराही थकलेला असण्याची शक्यता मोठी.

दुसरी पायरी म्हणजे प्ले तपासणं. ही गॅरेजमध्ये, निदान गाडी भक्कम स्टँडवर असताना करावी. चाक जमिनीपासून उचललं की वरून आणि खालून, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ या जागी धरून आत-बाहेर हलवतात. त्याच वेळी दुसरा माणूस बॉल जॉइंटकडे बघतो. जॉइंटमध्ये हालचाल दिसली तर तो गेला. चाक हललं पण जॉइंट स्थिर असेल, तर दोष व्हील बेअरिंगमध्ये असू शकतो.

एक बारकावा लक्षात ठेवा. डबल विशबोन सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल, तर चाक लटकत ठेवून तपासल्यास स्प्रिंगच्या दाबाने प्ले लपतो. तिथे जॅक खालच्या आर्मखाली लावूनच तपासावं लागतं. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाड्यांना ही अडचण नसते.

आवाजावरूनही संशय येतो. खड्ड्यात 'खट' असा आवाज, जागेवर स्टिअरिंग फिरवताना 'कर्रर्र', टायर एका कडेने झिजणं, सरळ रस्त्यावर गाडी भरकटणं. पण यातली बरीच लक्षणं स्टॅबिलायझरची लिंक, आर्मचे बुश किंवा स्ट्रटचं वरचं माउंटिंग खराब झालं तरी दिसतात. म्हणून नुसत्या आवाजावर पार्ट बदलू नका.

फक्त बूट बदलायचा की जॉइंट?

बूट बदलून भागतं, जर:
- चीर नवीन असेल, आणि आतलं ग्रीस अजून मऊ आणि बऱ्यापैकी स्वच्छ असेल
- चाक हलवल्यावर प्ले अजिबात नसेल
- दांडा हाताने फिरवताना तो एकसारखा, थोड्या जोराने फिरत असेल
- गोळ्याजवळच्या भागावर गंज किंवा खड्डे नसतील

जॉइंट किंवा आर्म बदलायलाच हवा, जर:
- थोडासुद्धा प्ले असेल
- ग्रीस सुकलेलं, पाणी मिसळून पांढुरकं झालेलं किंवा वाळूने भरलेलं असेल
- दांडा अडकत, खरखरत किंवा अगदी ढिला फिरत असेल
- बूट कधी फाटला हे कुणालाच माहीत नसेल आणि मधे एखादा पावसाळा गेला असेल

ब्रिटनमधल्या वाहन तपासणीचा नियमही याच तर्काने चालतो. तिथे मे २०१८ पासून दोषांची वर्गवारी केली जाते. बॉल जॉइंटचा बूट खूप खराब झालाय पण धूळ अजून अडवतोय, तर तो किरकोळ दोष. बूट गायब आहे किंवा धूळ अडवत नाही, तर मोठा दोष, म्हणजे गाडी नापास. जॉइंट निसटायच्या बेतात असेल तर तो धोकादायक दोष.

बूट बदलतात कसा?

हे काम दिसतं तेवढं कठीण नाही, पण पहिल्यांदाच करणाऱ्याने एकट्याने करण्यासारखंही नाही. गॅरेजमध्ये उभं राहून बघायचं असेल तरी या पायऱ्या माहीत असाव्यात.

१. मागच्या चाकांना ओट लावून, नट जमिनीवरच थोडे सैल करून गाडी उचलतात. गाडी स्टँडवर टेकवल्याशिवाय कुणीही खाली हात घालू नये. गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर खाली काम करणं जिवावर बेतू शकतं.

२. चाक काढून जॉइंटच्या आसपासचा चिखल ब्रशने साफ करतात, नाहीतर तोच आत जातो.

३. जॉइंट सोडवतात. अनेक छोट्या गाड्यांमध्ये दांडा एका आडव्या बोल्टने आवळलेला असतो. तो बोल्ट दांड्याच्या खाचेतून जातो, म्हणून नुसता सैल करून चालत नाही, पूर्ण काढावा लागतो. मग लांब टॉमीने आर्म खाली दाबतात. दुसऱ्या प्रकारात दांडा निमुळता असतो आणि वर खाचांचा नट व स्प्लिट पिन असते. तिथे पुलर वापरतात.

४. चाकामागचा भाग मोकळा झाला की तो बाहेर ओढायचा नाही. ॲक्सलचा आतला सांधा निसटू शकतो आणि ब्रेकच्या पाइपवर ताण येतो.

५. जुन्या बुटाची रिंग काढून बूट काढतात. जुनं ग्रीस स्वच्छ, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसतात. दांडा सगळीकडे फिरवून पुन्हा पुसतात. पेट्रोल किंवा डिझेलने धुण्याची सवय इथे टाळावी, कारण ते अस्तरात राहून नवं ग्रीस पातळ करतं.

६. खरा निर्णय इथे होतो. गोळ्यावर गंज किंवा खरखर दिसली तर इथेच थांबावं आणि नवा जॉइंट आणावा.

७. सगळं ठीक असेल तर लिथियमचं चांगलं चासी ग्रीस भरतात, दांडा फिरवून ते आत मुरवतात. बूटही ग्रीसने भरतात, पण फुगेपर्यंत नाही.

८. नवा बूट खाचेत नीट बसवून रिंग चढवतात. रिंग सगळीकडून खाचेत बसली का, हे बोट फिरवून बघावं. दांड्याचा निमुळता भाग मात्र पुसून कोरडा ठेवतात, तिथे ग्रीस चालत नाही.

९. जॉइंट परत बसवून नट-बोल्ट कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळतात. स्प्लिट पिन नवीच हवी. पिनचं भोक जुळत नसेल तर नट किंचित पुढे आवळतात, मागे सैल करत नाहीत.

१०. शेवटी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बूट पिळला जात नाही ना, ते बघतात.

फक्त बूट बदलला आणि टाय रॉडच्या लांबीला हात लावला नाही, तर अलाइनमेंट सहसा बदलत नाही. आर्म बदलला असेल तर मात्र अलाइनमेंट तपासून घ्यावी.

नेहमी होणाऱ्या चुका

पहिली, मापाशिवाय बूट आणणं. दुकानात कुठल्याही गाडीला चालणारे बूट मिळतात. पण दांड्याची जाडी, वाटीचा घेर आणि उंची ही तिन्ही मापं जुळली नाहीत, तर पहिल्याच पावसात पाणी आत. जुना बूट सोबत नेणं उत्तम.

दुसरी, फाटलेल्या बुटावर टेप, सोल्यूशन किंवा सिलिकॉन लावणं. हा भाग सतत हलतो आणि ग्रीसने माखलेला असतो, त्यामुळे चिकटवलेलं काही टिकत नाही.

तिसरी, फाटक्या बुटातून नुसतं ग्रीस भरणं. जुनी वाळू आतच राहते आणि नवं ग्रीस तिला सगळीकडे पसरवतं.

चौथी आणि सगळ्यात धोकादायक, झिजलेला जॉइंट वेल्डिंग करून किंवा ठोकून घट्ट करून घेणं. वेल्डिंगच्या उष्णतेने स्टीलची ताकद बदलते आणि आतलं अस्तर वितळतं. हाताला घट्ट लागणारा तो जॉइंट रस्त्यावर कधी सुटेल, सांगता येत नाही.

गॅरेजमध्ये काय विचारायचं?

तीन प्रश्न पुरेसे आहेत. "प्ले आहे का? मला दाखवता का?" "या गाडीला बूट वेगळा मिळतो का, की आर्मसोबतच जॉइंट येतो?" आणि "दुसऱ्या बाजूचा कसा आहे?"

दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. अनेक छोट्या गाड्यांमध्ये बॉल जॉइंट आर्ममध्येच घट्ट बसवलेला असतो आणि कंपनीकडून अख्खा आर्म मिळतो. अशा वेळी मेकॅनिकने आर्म सुचवला म्हणजे तो फसवतोय, असं नाही. जॉइंट सोडवायची आणि पुन्हा बसवायची मेहनत दोन्ही कामांत सारखीच असते. जॉइंटबद्दल शंका असेल, तर मजुरी दोनदा देण्यापेक्षा एकदाच आर्म बदलणं स्वस्त पडतं. बूट ताजाच फाटला असेल आणि जॉइंट घट्ट असेल, तर मात्र फक्त बुटाचा आग्रह धरायला हरकत नाही.

भारतात खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना गाडीची तपासणी होते. पण बूट फाटल्यावर जॉइंट खराब व्हायला एक पावसाळा पुरतो. तो पुढच्या तपासणीची वाट बघत नाही. त्यामुळे वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पाऊस संपल्यावर, स्टिअरिंग वळवून चाकामागे टॉर्च मारा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि बूट फाटलेला दिसलाच तर तो किती दिवसांपूर्वी फाटला याचं उत्तर तुमच्याकडे असेल.